दुखणे कोण काढते?

मराठी घरात आजारपणाभोवती जितके शब्द जमले आहेत, तितके फारच थोड्या प्रसंगांभोवती जमले असतील. पथ्यपाणी, उस्तवार, अंथरूण धरणे, उशाशी बसणे, जागरण करणे, समाचाराला जाणे, तोंडाला चव येणे, हिंडते-फिरते होणे. यांतला प्रत्येक शब्द कोणाच्या तरी कष्टाची साक्ष देतो. पण या सगळ्यांत मला नेहमी थबकायला लावते ते एक क्रियापद: ‘काढणे’. ‘त्याने सहा महिने दुखणे काढले’ असे आपण म्हणतो तेव्हा तो रोगी असतो. ‘सुनेने सासूचे दुखणे काढले’ असे म्हणतो तेव्हा सून धडधाकट असते, दुखणे सासूचे असते. क्रियापद मात्र एकच. आजार एकाच्या शरीरात असला तरी तो दोघांना, कधी साऱ्या घराला, काढावा लागतो हे भाषेने आपल्या आधी ओळखलेले दिसते.

आता दुसरी बाजू पाहा. दुखणे काढणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात? ‘परिचारिका’ हा शब्द रुग्णालयाचा. ‘शुश्रूषक’ कोशात आहे, घरात नाही. ‘काळजीवाहू’ हा चांगला शब्द होता, पण तो आपण सरकारला आणि मुख्यमंत्र्यांना देऊन टाकला. क्रियेसाठी डझनभर शब्द आणि कर्त्यासाठी एकही रुळलेला शब्द नाही, ही केवळ शब्दसंग्रहातली उणीव नव्हे. त्या माणसाला आपण ‘बायको’, ‘सून’, ‘लेक’, ‘बहीण’ अशा नात्याच्या नावानेच ओळखत आलो. काम नात्यातच धरलेले असल्याने त्याला वेगळे नाव देण्याची गरज कोणाला भासली नाही.

कुटुंब ही आपोआप वाहणाऱ्या मायेची जागा आहे आणि संकटात ती माया उचंबळून येतेच, ही समजूत आपल्या सामाजिक भाषणांत आणि वर्गातल्या व्याख्यानांत फार पक्की आहे. माझे म्हणणे असे की आजार आणि मृत्यू पेलण्याचे कुटुंबाचे बळ मायेवर फार तर निम्मे अवलंबून असते. उरलेले बळ कामाच्या वाटणीतून, ऐकून घेण्याच्या सवयीतून, हाताशी असलेल्या साधनांतून आणि घराबाहेरच्या आधारातून येते. मराठी साहित्याने हे वारंवार दाखवले आहे. आपण साहित्याचे शिक्षक आणि समीक्षक मात्र ते वाचताना ‘त्याग’ आणि ‘सोशिकता’ या दोन शब्दांशी थांबतो.

‘शुश्रूषा’ या शब्दापासूनच सुरुवात करू. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूचे हे इच्छार्थक रूप. मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून गुरूची आज्ञा पाळणे, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून रोग्याची देखभाल असा या शब्दाचा प्रवास आहे. हे ऐकताना विद्यार्थ्यांना आनंद होतो, कारण रोग्याचे ऐकून घेणे हीच खरी शुश्रूषा असा सुंदर अर्थ त्यातून हाती येतो. परंतु याच शब्दाचा दुसरा वापरही सांगायला हवा. मनुस्मृतीत शुश्रूषा हे शूद्राचे कर्तव्य म्हणून येते आणि पतीच्या संदर्भात पत्नीचेही. म्हणजे ज्याने ऐकायचे तो आणि ज्याचे ऐकायचे तो, यांच्यातला उंचसखलपणा शब्दाच्या पोटातच आहे. आपल्या घरांत आजही शुश्रूषेचे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ऐकून घेणे कमी आणि आज्ञा पाळणे अधिक, असे जेव्हा होते तेव्हा रोग्याची देखभाल तर होते, पण रोगी आणि काळजी घेणारी बाई दोघेही एकटे पडतात.

न बोललेल्या दुःखाचे घरात काय होते, याचे ‘स्मृतिचित्रे’इतके स्वच्छ चित्रण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७च्या उठावानंतर घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने टोक गाठले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येईना. घरातल्या बायकामुलांचा दिवस त्या धुण्याभोवती फिरू लागला. लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी इतकी तल्लख आहे की वाचक हसत हसत पुढे जातो. आपण वर्गातही ‘लक्ष्मीबाईंचा निर्विष विनोद’ असे शीर्षक देऊन पुढे जातो. पण क्षणभर थांबून विचारावे, हे सारे घर काय करीत होते? एका माणसाच्या भयाला सगळे घर सांभाळून घेत होते. त्या भयाला आजचे मानसशास्त्र काय नाव देईल हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि त्याची इथे आवश्यकताही नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की शोक बोलून दाखवण्याची वाट नव्हती म्हणून तो नियम बनला, आणि नियम पाळण्याचे काम ज्यांचा त्या निर्णयात काहीच वाटा नव्हता त्यांच्यावर पडले. आजही एखाद्या घरात कोणी गेल्यानंतर अचानक वेळापत्रके कडक होतात, कुलपे वाढतात, मुलांना बाहेर पाठवणे बंद होते. त्या घराला कोणी विचारावे की हे नियम कशाच्या जागी आले आहेत?

त्याच पुस्तकात याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंना बसलेला तो धक्का कोणाच्या मृत्यूपेक्षा कमी नव्हता. नवरा जिवंत होता आणि तरीही संसार हरवला होता. अशा हरवण्याला समाजाकडे विधी नसतो, सुतक नसते, तेरावा नसतो. त्या काळात बहीण आणि मेहुणे यांनी त्यांना आधार दिला. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्या नातेवाइकांनी त्यांना सावरले त्यांना हा शेवट हवा होता असे कोण म्हणेल? तरीही सावरणे झालेच. माणसाच्या निर्णयाशी सहमत नसतानाही त्याच्या जेवणाखाण्याची आणि झोपेची काळजी घेता येते, ही गोष्ट कुटुंबाविषयीच्या शंभर सुभाषितांहून मोलाची आहे. आधार देणे म्हणजे बरोबर ठरवणे नव्हे.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे १९१० सालचे पुस्तक आपण बहुधा न्यायमूर्तींच्या चरित्राचे साधन म्हणून वाचतो. पुस्तकाच्या शेवटाकडे १६ जानेवारी १९०१ रोजी संपलेल्या त्या आयुष्याचे अखेरचे आजारपण येते. इथेही आपले लक्ष अंथरुणावरच्या माणसावर खिळलेले असते. पण लिहिणारी उशाशी बसलेली आहे. आजारी माणसाविषयी लिहिता लिहिता तिने स्वतःच्या धास्तीचेही लेखन केले आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळजी घेणाऱ्या स्त्रीचे मन शब्दांत उतरल्याची ती फार मोठी नोंद आहे. पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाची धुरा रमाबाईंनी १९२४ साली त्यांचे निधन होईपर्यंत वाहिली, आणि या संस्थेने ज्या शिक्षणाकडे स्त्रियांना वळवले त्यांत परिचारिकेचे शिक्षण होते. त्यांत विधवाही होत्या. घराच्या आत जे काम पुण्य म्हणून फुकट करून घेतले जात होते, तेच घराबाहेर शिकण्याचे, प्रमाणपत्राचे आणि वेतनाचे काम झाले. रोग्याची उस्तवार हे कौशल्य आहे, ते बाईच्या स्वभावात जन्मतः असत नाही, हे त्या एका घटनेने सिद्ध केले. दुर्दैव असे की हा धडा संस्थेच्या दारापाशी थांबला. घरात आलेल्या नव्या सुनेला अर्धांगवायू झालेल्या माणसाची कूस कशी बदलावी हे कोणी शिकवत नाही. तिला ते यावे अशी अपेक्षा मात्र असते.

कुटुंब आणि बाहेरचे जग यांतल्या ताणाचे मोठे प्रकरण म्हणजे १८९७ची प्लेगची साथ. त्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात घराघरांची झडती सुरू झाली, रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना वेगळ्या छावण्यांत नेले जाऊ लागले. घरे आपले रोगी लपवू लागली. या लपवण्यात माया होती, अब्रूची चिंता होती, परक्या शिपायांविषयीचा रास्त संताप होता. आणि तरीही त्या लपवण्यामुळे रोग त्याच घरातल्या पोरांपर्यंत पोचत होता. याच काळात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांसाठी धावत होत्या. त्यांचा दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर होता, पुण्याजवळ त्याचा दवाखाना चालू होता. रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला त्यांनी जन्म दिला नव्हता त्याच्या दवाखान्यात, ज्या रोग्यांशी रक्ताचे नाते नव्हते त्यांच्यासाठी हे मरण आले. कुटुंबाच्या व्याख्येविषयी या प्रसंगाने जे सांगितले ते कोणत्याही सिद्धान्तापेक्षा स्पष्ट आहे. २०२० साली करोनाच्या काळात हाच १८९७चा कायदा पुन्हा वापरात आला. पुन्हा घरे आणि रुग्णालये यांच्यात दारे बंद झाली, पुन्हा माणसे आपल्या माणसाचा चेहरा न पाहता परतली. सव्वाशे वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन साथींचे साहित्य शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून व्हायचे आहे. संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा जरूर विचार करावा.

इथवर आलेली घरे, काही अपवाद सोडता, दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नसलेली आहेत. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले आणि त्याने हे चित्र पुरे केले. महारवाड्यातल्या बाळंतिणींची उपासमार, अंगावर दूध यायला पोटात अन्न नाही, औषधाच्या जागी अज्ञान. तिथे भोवती जमलेल्या बायकांची माया कमी नव्हती. घासभर अन्न कमी होते. हे वाचल्यानंतर ‘आपली कुटुंबव्यवस्था आजारपणात किती भक्कम’ अशा वाक्यांची लाज वाटली पाहिजे. भक्कम कोणाची? ज्यांच्याकडे तांदूळ, जागा, पाणी आणि रजा होती त्यांची. माया सर्वत्र असते. साधने सर्वत्र नसतात. दारिद्र्यामुळे आलेल्या मृत्यूला दैव म्हणणे आणि संपन्नतेमुळे वाचलेल्या जीवाला कुटुंबाची पुण्याई म्हणणे, हे दोन्ही एकाच चुकीचे भाग आहेत.

याचा पुरावा समीक्षेबाहेरही आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. घर तेच होते, आई तीच होती, तिची मायाही तीच होती. तिच्याजवळ शिकलेली एक बाई येऊन बसू लागली, एवढा फरक होता. हेच डॉ. बंग ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या २०००च्या पुस्तकात स्वतः रोगी म्हणून बोलतात आणि डॉक्टरालाही आपल्या शरीराचे ऐकायला शिकावे लागते असे सांगतात. मराठी वाचकांनी या पुस्तकाला जो प्रतिसाद दिला त्याचे कारण त्यातले हृदयविकाराचे ज्ञान इतकेच नसावे. दुखण्याविषयी लाज न बाळगता बोलणारा पुरुष मराठी वाचकाला तितकासा परिचित नव्हता.

मानसिक आजाराच्या बाबतीत तर लाज हाच अर्धा रोग असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटात स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या शेषला त्याची बहीण सीना आपल्या घरी घेऊन येते. लग्न झालेली बहीण, तिचा नवरा, तिचे घर, आणि त्यात भावाचा आजार. आपल्याकडे बहिणीने माहेरचे दुखणे सासरी आणणे ही किती अवघड गोष्ट आहे हे सांगायला नको. या चित्रपटात सीनाची चिडचीड होते, तिला अपराधी वाटते, ती थकते. तिला देवी केलेले नाही म्हणूनच ती पटते. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘अस्तु’मध्ये (२०१३) संस्कृतचे पंडित चक्रपाणि शास्त्री स्मृतिभ्रंशाने हरवत जातात आणि एके दिवशी हत्तीमागे चालत खरोखरच हरवतात. मुलगी इरा त्यांना शोधत असताना त्यांना सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा. तिची भाषा वेगळी, विद्वत्तेशी तिचा संबंध नाही, पंडितांचे नाव तिला ठाऊक नाही. त्यामुळेच ते काय विसरले याचे दुःख तिला नाही. तिच्यापुढे एक भुकेलेला म्हातारा आहे. लेकीचे दुःख असे की ती त्या माणसात जुने वडील शोधते. दोघींची शुश्रूषा खरी आहे. पण घरच्या माणसाला जे कठीण जाते ते परक्याला सोपे जाते, कारण परक्याला कोणाची आठवण जपायची नसते. म्हणूनच घराला बाहेरचा हात लागतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांत रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदतगट चालतात, ते याच जाणिवेतून. तिथे सल्ल्यापेक्षा अधिक महत्त्वाचे काही मिळते. आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे कळते.

आता आकड्यांकडे वळू. साहित्याच्या लेखात आकडे आणले म्हणून वाचकांनी रागावू नये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या माणसांची बिनमोबदला काळजी घेण्याच्या कामात २७.६ टक्के स्त्रिया आणि १४ टक्के पुरुष सहभागी होते. जे सहभागी होते त्यांत स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ७६. यात मुलांचे संगोपनही आले. स्वयंपाक-धुणीभांडी यांचा हिशेब वेगळा, त्यात स्त्रियांची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. ‘काळजी तर सगळेच घेतात’ हे वाक्य यापुढे कोणी उच्चारू नये. काळजी सगळ्यांना वाटते. घेण्याचे काम वाटले गेलेले नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो क्षुल्लक नाही. प्रेमाचा असा हिशेब मांडायचा काय? आईच्या उशाशी बसलेल्या लेकीच्या हातात घड्याळ द्यायचे काय? माझे उत्तर असे, की हिशेब प्रेमाचा नाही, झोपेचा आहे. तीन आठवडे सलग जागलेली बाई चौथ्या आठवड्यात रोग्यावर खेकसते आणि मग स्वतःला दोष देत राहते. तिच्या प्रेमाची परीक्षा पाहण्यापेक्षा तिला एक रात्र झोपू देणे अधिक सोपे आणि अधिक नैतिक आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. तो मुलांकडून पैसे देववू शकतो. कोण जागेल, कोण ऐकेल हे कायद्याला ठरवता येत नाही. ते घराला बसून, बोलून, आजारी माणसालाही विचारून ठरवावे लागते. असे बसणे आपल्याकडे कोरडेपणाचे मानले जाते. इस्टेटीसाठी बैठक भरवलेली चालते, आईच्या औषधपाण्यासाठी भरवलेली चालत नाही!

हीच गोष्ट अखेरच्या दिवसांची. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. बरे न होणाऱ्या कर्करोग्यांच्या वेदना कमी करणारे आणि त्यांची अखेरची सोबत करणारे ते भारतातले पहिले रुग्णालय. तेव्हापासून अशा उपचारांची वाट आपल्याकडे हळूहळू रुंदावते आहे. पण ‘तिकडे ठेवले’ याचा अर्थ ‘टाकून दिले’ असा करणारी जीभ अजून बोथट झालेली नाही. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला घरातच ठेवण्याच्या हट्टामागे कधी प्रेम असते, तर कधी लोक काय म्हणतील ही धास्ती. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी एकच कसोटी आहे: निर्णय घेताना रोग्याला विचारले होते काय?

मृत्यूनंतरच्या दिवसांविषयी मात्र आपल्या परंपरेजवळ काही शहाणपण आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करावे. ज्या घरात कोणी गेले तिथे नातलग-शेजाऱ्यांनी जेवण आणायचे, पहिला ‘कडू घास’ आग्रहाने भरवायचा, दहा दिवस घराला जगाच्या व्यवहारातून सूट द्यायची, तेराव्यानंतर गोड जेवणाने त्यांना पुन्हा जगात आणायचे. शोकाला आरंभ आणि शेवट देणारी, आणि मधल्या दिवसांत चुलीची चिंता दुसऱ्याने वाहण्याची ही व्यवस्था आहे. ज्यांचा कर्मकांडावर विश्वास नाही त्यांनी विधी सोडताना डबा सोडू नये, एवढेच मी म्हणेन. पुष्कळ सुधारक घरांत विधी गेला, त्याबरोबर शेजारीही गेले, आणि मागे राहिलेला माणूस चौथ्या दिवशी कचेरीत जाऊन बसला.

पण याच परंपरेने ज्या बाईचा नवरा गेला तिच्या दुःखावर तिच्या कपाळाचे कुंकू, मंगळसूत्र आणि बांगड्या उतरवण्याची शिक्षा चढवली, हेही तितकेच खरे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. करोनाने घराघरांतले कर्ते पुरुष नेल्यानंतरचे ते दिवस होते. या ठरावाकडे मी साहित्याचा शिक्षक म्हणून पाहतो तेव्हा वाटते, शोक कोणाचा आणि तो कसा दिसावा हे ठरवण्याचा अधिकार गावाने तिच्या अंगावरून उचलला. ठराव कागदावर असतो आणि सासू, जाऊ, नणंद घरात असतात, हे खरे. पण कागदाशिवाय त्या घरातल्या एखाद्या धीट मुलीला बोट ठेवायला जागाच नसते.

मग साहित्याच्या वर्गात आपण काय करावे? पहिले म्हणजे आत्मकथने आणि कथा-कादंबऱ्या शिकवताना आजारपणाच्या प्रसंगांत उशाशी कोण बसले आहे हे विचारावे. तिची झोप, तिचे शिक्षण, तिचा पगार, तिचे माहेर यांचे त्या काळात काय झाले, हे मजकुरात आहे का? नसेल तर ते का नाही? दुसरे, ‘त्यागमूर्ती’ हा शब्द उत्तरपत्रिकेत आला की त्याखाली लाल रेघ ओढावी आणि ‘कोणी मागितला होता हा त्याग?’ असे लिहावे. तिसरे, वर्गातल्या ज्या मुली आणि थोडी मुलेही सकाळी घरातल्या रोग्याचे सारे करून पहिला तास चुकवून येतात, त्यांना अनुपस्थितीच्या रकान्यापलीकडे पाहावे. मजकुरातल्या स्त्रीविषयी हळहळणारा आणि समोरच्या मुलीला दंड लावणारा शिक्षक साहित्य शिकवत नाही, पाठ शिकवतो.

शेवटी पुन्हा भाषेकडे. दुखणे काढणाऱ्या माणसाला नाव नाही असे वर म्हटले. नाव दिल्याने काम हलके होत नाही हे मला कळते. पण ज्याला नाव नसते त्याची रजा मागता येत नाही, त्याच्यासाठी प्रशिक्षण मागता येत नाही, ‘आज तू नको, मी बसतो’ असे म्हणताना कोणाच्या जागी बसायचे तेही सांगता येत नाही. ‘काळजीवाहू’ हा शब्द सरकारांकडून परत घ्यावा असे मी सुचवतो. सरकारे येतात आणि जातात. घरातल्या त्या माणसाला हा शब्द अधिक काळ शोभेल. आणि ‘शुश्रूषा’ या शब्दाचे आपल्या हातात दोन अर्थ आहेत. त्यांतला आज्ञेचा अर्थ जुन्या ग्रंथांपाशी ठेवून ऐकून घेण्याचा अर्थ घरात ठेवता येईल. रोग्याचे ऐकावे, आणि दिवसातून एकदा तरी, जी त्याचे ऐकते तिचेही.